प्रत्येकी १८० ग्राहक, तरी काम विषम: नऊ टेरिटरींची फेरआखणी

नऊ विक्री प्रतिनिधी, १,६२० ग्राहक आणि प्रत्येकाच्या टेरिटरीत, म्हणजे त्याच्या वाट्याच्या भागात, बरोबर १८०. कागदावर याहून चोख वाटणी दिसणार नाही. तरीही टेरिटरी ३ मधल्या मोठ्या ग्राहकांच्या ठरलेल्या भेटी दर महिन्याला राहून जात होत्या. टेरिटरी ५ चा प्रतिनिधी दुपारीच मोकळा होत होता आणि टेरिटरी ७ वाल्याचा जवळजवळ निम्मा दिवस गाडीत जात होता. मॅपिंग सॉफ्टवेअर घेऊन रेषा नव्याने आखायच्या, एवढाच निर्णय सुरुवातीला झाला होता. प्रत्यक्षात रेषांना हात लागला तो सगळ्यात शेवटी, आणि तोही नऊपैकी तीनच टेरिटरींना.

हे प्रकरण नमुन्याचे आहे. आकडे सगळे दिले आहेत ते गणिताची रीत ताडून पाहता यावी म्हणून. आपल्या टीमचे आकडे घालून हेच गणित जसेच्या तसे करता येते.

पिना नक्की कुठे पडल्या

ग्राहकांची यादी सॉफ्टवेअरमध्ये चढवली की क्षणात नकाशा पिनांनी भरून जातो आणि काम झाल्यासारखे वाटते. इथेच सावध राहायला हवे. पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणारी सेवा प्रत्येक पत्त्याचे काहीतरी उत्तर देते, पण ते उत्तर किती नेमके आहे हे वेगळ्या रकान्यात असते आणि तो रकाना बहुतेक जण उतरवूनच घेत नाहीत. इथे तो घेतला. १,६२० पैकी १,३९४ पत्ते इमारतीपर्यंत सापडले, १६३ नुसते रस्त्याच्या मध्यावर, ५२ पिनकोडच्या मध्यबिंदूवर, आणि ११ सापडलेच नाहीत.

ते ५२ सगळ्यात फसवे. एकाच पिनकोडमधले असे सगळे ग्राहक एकाच बिंदूवर एकावर एक बसतात, नकाशावर एकच पिन दिसते आणि त्यांच्यामधला प्रवास शून्य मिनिटे मोजला जातो. शोधायचा उपाय साधा: अक्षांश-रेखांश सारखेच असलेल्या ओळी मोजा. एका बिंदूवर तीनपेक्षा जास्त ग्राहक आले तर ती एकच मोठी इमारत आहे की सापडलेला नसलेला पत्ता आहे हे हाताने तपासा. दुसरी चाचणी म्हणजे ०,० या बिंदूवर काही पडले आहे का ते पाहणे. रिकामा रकाना शून्य समजला गेला की ग्राहक आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जाऊन बसतो. तिसरी चूक अदलाबदलीची. जिओजेसन या फाइल प्रकारात आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात, आणि रोजच्या वापरातले बरेच नकाशे उलटा क्रम दाखवतात. एका यादीतून दुसरीत आकडे चिकटवताना हा क्रम उलटला की अख्खा गट भलत्याच देशात जातो. तो निदान डोळ्यांना लगेच दिसतो.

याहून जास्त वेळ गेला तो पत्ता कोणता घ्यायचा यात. विक्रीच्या यादीत बहुधा बिलाचा पत्ता असतो. एका साखळीच्या १४ शाखा त्यामुळे तिच्या मुख्य कार्यालयावर दिसत होत्या आणि त्या सगळ्या टेरिटरी ३ च्या नावावर होत्या. प्रतिनिधी जिथे जाऊन माणसाला भेटतो तो पत्ता हवा. त्यासाठी ‘भेटीचा पत्ता’ असा स्वतंत्र रकाना केला आणि शाखा आपापल्या जागी नेल्या. नेमक्या न सापडलेल्या २२६ ग्राहकांची जागा प्रतिनिधींनी पुढच्या भेटीत मोबाइलवरून नोंदवली. अट एकच होती: नोंद ग्राहकाच्या दारात उभे राहून करायची, गाडी लावलेल्या जागेवरून नाही, आणि फोनने दाखवलेली अचूकता २० मीटरच्या आत यायला हवी. उंच इमारतींच्या मध्ये फोनची जागा बरीच सरकते, म्हणून तिथे उघड्यावर येऊन पुन्हा नोंद घ्यावी लागली. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे पाच अंकांपर्यंत ठेवले. पाचवा अंक म्हणजे साधारण एक मीटर. त्यापुढचे अंक ठेवून काही हाती लागत नाही.

जाता जाता एक किरकोळ वाटणारी, पण दोन दिवस खाणारी गोष्ट. ग्राहक क्रमांकाचा रकाना स्प्रेडशीटमध्ये ‘मजकूर’ म्हणून ठेवा. नाहीतर ००४१७ चे ४१७ होते आणि नकाशाची यादी विक्रीच्या यादीशी जुळतच नाही. नकाशाची फाइल शेपफाइल प्रकारात ठेवली तर रकान्यांची नावे दहा अक्षरांवर तुटतात आणि लिपीची नोंद सोबत नसेल तर इंग्रजीखेरीज इतर लिपीतली नावे चौकटी-चौकटी दिसू लागतात. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल प्रकारात हे दोन्ही त्रास नाहीत.

दोन दारांमधला वेळ

सरळ रेषेतले अंतर भेटींच्या गणितात वापरू नये. रस्ता वळसे घेतो, आणि वळसा सगळीकडे सारखा नसतो. दाट रस्त्यांच्या भागात तो थोडा असतो, नदी किंवा रेल्वेमार्ग आडवा आला की कितीतरी पट होतो. म्हणून रस्त्याने लागणारी मिनिटे घेतली. सगळ्या ग्राहकांच्या सगळ्या जोड्या काढायच्या तर १,६२० गुणिले १,६२० म्हणजे २६,२४,४०० आकडे होतात. बहुतेक सेवा जोडीमागे पैसे घेतात किंवा मर्यादा घालतात. पण एका टोकाचा ग्राहक दुसऱ्या टोकाच्या ग्राहकानंतर कधीच येणार नाही, तेव्हा प्रत्येकाचे जवळचे २५ शेजारी पुरले. ४०,५०० जोड्यांवर काम भागले.

या मिनिटांत गाडी लावून दारापर्यंत चालत जाण्याचा वेळ सॉफ्टवेअर धरत नाही. तो वेगळा मिळवावा लागतो. इथे सरसकट २ मिनिटे मिळवली. ती एका टेरिटरीत पुढे कमी पडली, ते खाली येईलच. एका भेटीमागे सरासरी प्रवास ८ मिनिटे निघाला. टेरिटरी ३ मध्ये ५, टेरिटरी ५ मध्ये ६ आणि टेरिटरी ७ मध्ये १९.

आधी तास, मग रेषा

खरेदीवरून ग्राहकांचे तीन वर्ग होते. अ वर्गाचे १८० ग्राहक, महिन्याला ३ भेटी, प्रत्येकी ४० मिनिटे. ब वर्गाचे ५४०, २ भेटी, २५ मिनिटे. क वर्गाचे ९००, १ भेट, १५ मिनिटे. म्हणजे अ साठी ३६० तास, ब साठी ४५०, क साठी २२५, मिळून महिन्याला १,०३५ तास समोरासमोरचे. भेटी होतात २,५२०. प्रत्येकीमागे ८ मिनिटे प्रवास धरला की आणखी ३३६ तास. एकूण १,३७१.

आता हाताशी किती तास आहेत ते पाहू. महिन्याला २० दिवस फील्डवर, दिवस ८ तासांचा, त्यातला १ तास ऑर्डर चढवणे, फोन आणि रिपोर्टसाठी. उरले प्रत्येकी १४०, नऊ जणांचे १,२६०.

१११ तासांची तूट आहे आणि ती अख्ख्या टीमची आहे. रेषा कशाही आखल्या तरी ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात पडणारच. या जागी गणित न करता थेट नकाशावर बसणाऱ्या टीम सहा महिने रेषा इकडून तिकडे ओढत राहतात आणि दोष सॉफ्टवेअरला देतात. तूट मिटवायचे मार्ग मोजकेच आहेत: माणूस वाढवा, भेटी कमी करा, भेटीचा वेळ कमी करा किंवा काही ग्राहक दुसऱ्या मार्गाने सांभाळा. इथे क वर्गाची प्रत्यक्ष भेट दोन महिन्यांतून एकदा केली आणि मधल्या महिन्यात कार्यालयातून फोन ठरवला. त्याने सुमारे १७५ तास सुटले. उरले साधारण १,२००, म्हणजे माणशी १३३.

एवढे झाल्यावर मूळची समान वाटणी किती विषम होती ते उघडे पडले. टेरिटरी ३ मध्ये अ वर्गाचे ४०, ब चे ८० आणि क चे ६० ग्राहक होते. जुन्या नियमाने १९० तास, नव्याने १८०. टेरिटरी ५ मध्ये अ चे अवघे ६, ब चे ४० आणि क चे १३४. जुन्याने १०२, नव्याने साडेअठ्ठ्याहत्तर. टेरिटरी ७ मध्ये अ चे ८, ब चे ४२, क चे १३०. तिथे जुन्या १५९ तासांतले ७५ नुसते प्रवासाचे होते, नव्याने एकूण १२२ झाले. तिन्हीकडे डोकी १८०च. उरलेल्या सहा टेरिटरी १३५ च्या आसपास होत्या.

कामाच्या तासांवरून टेरिटरी आखण्याची ही रीत जुनी आहे. वॉल्टर टॅली यांनी १९६१ मध्ये ती मांडली तेव्हा नकाशे कागदाचे होते. सॉफ्टवेअरने त्यात प्रवासाची खरी मिनिटे आणली, पण भेटींची संख्या आणि वेळ अजूनही माणसांनीच ठरवायचे असतात.

टेरिटरी ७ च्या १२२ मध्ये जागा दिसते, म्हणून तिथे आणखी ग्राहक टाकायचा मोह होतो. पण तिथला प्रतिनिधी पहिल्या ग्राहकापासून ५० मिनिटांवर राहतो. घरापासून ३० मिनिटांपर्यंतचा प्रवास त्याचा स्वतःचा आणि त्यापुढचा कामाचा, असा नियम ठेवला. जाताना २० आणि येताना २० मिनिटे, २० दिवस, म्हणजे महिन्याला १३ तास. १२२ चे १३५ झाले. प्रतिनिधीचे घर नकाशावर पिन म्हणून असायलाच हवे.

सॉफ्टवेअरचा आराखडा का नाकारला

‘समतोल साधा’ हे बटण दाबल्यावर सॉफ्टवेअरने नऊ टेरिटरी नव्याने आखून दिल्या. प्रत्येक टेरिटरी सरासरीच्या ३ टक्क्यांच्या आत, आकार गोल, नकाशा देखणा. त्यात ६११ ग्राहकांचा प्रतिनिधी बदलत होता, म्हणजे शंभरातल्या जवळपास ३८ जणांचा. प्रत्येक बदलामागे एक ओळख तुटते. कोणाला कोणत्या वारी भेटायचे, माल कोण ठरवतो, पैसे कोण सोडतो, मागच्या वेळी कशावरून बिनसले, हे कोणत्याही रकान्यात नसते. नव्या माणसाला ते पुन्हा पहिल्यापासून जोडावे लागते. तीन टक्के नेमकेपणासाठी ही किंमत फार जास्त आहे, विशेषतः भेटीची मिनिटेच मुळात अंदाजाने धरलेली असताना.

म्हणून अट उलटी लावली. तास १२० ते १४० मध्ये बसवा आणि कमीत कमी ग्राहक हलवा. खालची मर्यादा सरासरीच्या १० टक्के खाली आणि वरची फक्त ५ टक्के वर, कारण १४० ही प्रतिनिधीच्या हाताशी असलेल्या वेळेची भिंत आहे. तिच्या पलीकडे गेलेली भेट होतच नाही. ही अट घातल्यावर नऊपैकी सात टेरिटरी आपोआप बसल्या. बसत नव्हत्या त्या ३ आणि ५.

३ आणि ५ मात्र एकमेकींना लागून नाहीत. मध्ये ४ आहे, आणि ती १३५ वर अगदी नीट बसलेली. अशा वेळी ३ चे ग्राहक थेट ५ ला देऊ नयेत. ५ चा प्रतिनिधी रोज ४ मधून आरपार जाईल आणि सुटलेले तास गाडीत जातील. काम साखळीने सरकवले: ३ च्या कडेची पट्टी ४ ला आणि ४ च्या दुसऱ्या कडेची पट्टी ५ ला. ३ मधून अ चे ४, ब चे ३१, क चे १२ असे ४७ ग्राहक हलले, म्हणजे ४२ तास. ४ मधून अ चे ३, ब चे ३२, क चे ५ असे ४० ग्राहक, तेही ४२ तास. शेवटी ३ वर १३८, ४ वर १३५ आणि ५ वर १२०. एकूण ८७ ग्राहक हलले, त्यांतले अ वर्गाचे ७.

४ आणि ५ मधली पट्टी पहिल्यांदा चुकली होती, आणि ही चूक जरा जवळून पाहण्यासारखी आहे. नकाशावर दक्षिणेकडची पट्टी अगदी सोयीची दिसत होती. ब वर्गाचे ११ ग्राहक एका ओळीत आणि ५ च्या सीमेला चिकटून. पण त्या सीमेवरून रेल्वेमार्ग जातो. टेरिटरी ५ च्या प्रतिनिधीने स्क्रीनवर बोट ठेवून विचारले की गाडी पलीकडे न्यायची कुठून. सरळ अंतर ७०० मीटर, आणि पुलावरून वळसा घेऊन ६.२ किलोमीटर. सॉफ्टवेअर दोन भागांना ‘शेजारी’ म्हणते ते त्यांची कड एकमेकींना लागते म्हणून, त्यांच्यात रस्ता आहे म्हणून नव्हे. पट्टी बदलून उत्तरेची घेतली. तेव्हापासून प्रत्येक नवी टेरिटरी पक्की करण्याआधी तिच्यातल्या ग्राहकांचे शेजारी रस्त्याच्या मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि तो नकाशा त्या भागात फिरणाऱ्या माणसासमोर ठेवायचा, असे ठरले.

रेषेची जागा

टेरिटरी मोकळ्या हाताने आखू नये. दोन टेरिटरींमध्ये बारीक फट राहते किंवा त्या एकमेकींवर चढतात. फटीतला ग्राहक कोणाचाच नसतो आणि चढलेल्या भागातला दोघांचा. पिनकोडच्या सीमा विटांसारख्या घ्याव्यात आणि त्या जोडून टेरिटरी करावी. दाट भागात एकेका पिनकोडमध्येच इतके ग्राहक असतात की वीट फोडावी लागते. इथे दोन पिनकोड फोडले. फोडताना रेषा रस्त्याच्या मधोमध घेऊ नये. समोरासमोरची दुकाने दोघांकडे जातात, आणि पिन पाच-दहा मीटर सरकली की ग्राहकाची टेरिटरी बदलते. रेषा इमारतींच्या मागून, नाल्यावरून, मोकळ्या जागेतून न्यावी. आखून झाल्यावर एकच मोजणी करावी: प्रत्येक ग्राहक किती टेरिटरींमध्ये पडतो. उत्तर १,६२० जणांसाठी ‘एक’ आले पाहिजे.

क्षेत्रफळावरून टेरिटरींची तुलना करत असाल तर वेबवरच्या नेहमीच्या नकाशाचे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याची रीत, वापरू नका. विषुववृत्तापासून दूर जाल तसे त्यात सगळे फुगत जाते. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसते.

हातात देताना

८७ ग्राहकांचे हस्तांतर तिमाहीच्या पहिल्या तारखेला केले. महिन्याच्या मध्ये केले की टार्गेटचा हिशोब दोन तुकड्यांत करावा लागतो. हललेल्या ग्राहकाची मागच्या १२ महिन्यांची विक्री जुन्या प्रतिनिधीच्या टार्गेटमधून वजा करून नव्याच्या टार्गेटमध्ये मिळवली. हे लेखी झाले नाही तर ज्याचे ग्राहक गेले त्याला शिक्षा झाल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे खोटेही नसते. ६० दिवसांत पूर्ण होणारे चालू सौदे जुन्याकडेच राहिले. अ वर्गाच्या सातही ग्राहकांकडे पहिली भेट दोघांनी मिळून दिली.

विक्रीच्या प्रणालीत ‘प्रतिनिधी’ रकाना नुसता खोडून नवे नाव लिहू नये. तसे केले की मागच्या वर्षीचा रिपोर्टही नव्या नावाने येतो आणि कोणी काय विकले याचा इतिहास पुसला जातो. ग्राहक, प्रतिनिधी, कधीपासून आणि कधीपर्यंत, अशी वेगळी नोंद ठेवावी. इथे ती ठेवली होती. गडबड झाली ती दुसरीकडेच. नवा ग्राहक आला की प्रणाली त्याच्या पिनकोडवरून प्रतिनिधी ठरवत होती आणि फोडलेले दोन पिनकोड आता दोघांचे होते. पहिल्या तीन आठवड्यांत आलेले सहा नवे ग्राहक चुकीच्या माणसाकडे गेले. नेमणूक पिनकोडच्या तक्त्यावरून काढून ‘बिंदू कोणत्या टेरिटरीत पडतो’ यावर नेल्यावर ते थांबले. शिवाय एका प्रतिनिधीच्या मोबाइलवर जुनाच नकाशा साठवलेला राहिला, आणि एका दारात एकाच सकाळी दोघे जण पोचले. बदलाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर नवी फाइल उतरली आहे का, ते पाहणे हे वेगळे काम म्हणून कोणाच्या तरी नावावर असावे.

तिसऱ्या महिन्याची मोजणी

तीन महिन्यांनी ठरवलेले आकडे प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहिले. भेटीच्या वेळेसाठी सरासरी न घेता मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतला. एखादा प्रतिनिधी बाहेर पडल्याची नोंद करायला विसरतो आणि त्याची एक भेट पाच तासांची दिसते. अशा दोन-चार ओळी सरासरी बिघडवतात, मध्यकाला त्यांनी काही होत नाही. अ वर्गाला ४१ मिनिटे, ब ला २४, क ला १५. हे बसले.

बसला नाही तो टेरिटरी ३ चा प्रवास. धरले होते ५ मिनिटे, लागत होती ७. गाडी लावायला जागाच मिळत नव्हती. महिन्याला २३० भेटी गुणिले २ मिनिटे म्हणजे जवळपास ८ तास, आणि १३८ चे १४६ झाले होते. इथे पुन्हा ग्राहक हलवण्याऐवजी दिवसाची आखणी बदलली. तीन लागोपाठच्या गल्ल्यांतले ग्राहक एका दिवसात घेतले, गाडी एकदाच लावायची आणि बाकी पायी. ते ग्राहक वेगवेगळ्या वारी विखुरलेले होते ते ‘सर्वांत जवळचा मार्ग’ रोज नव्याने काढल्यामुळे. आठ भेटींचेही ४०,३२० क्रम होतात, आणि सॉफ्टवेअर त्यांतला चांगला क्रम क्षणात काढून देते. पण आज कोणते आठ घ्यायचे हे आधी ठरावे लागते, आणि खरा वेळ तिथे वाचतो. प्रवास साडेपाच मिनिटांवर आला, तास १४० वर.

टेरिटरी ५ मध्ये उलटे घडले. प्रतिनिधीला क वर्गाकडे नीट पाहायला वेळ मिळाला आणि २१ ग्राहकांची खरेदी वाढून ते क मधून ब वर्गात गेले. क चा ग्राहक महिन्याला साधारण १० मिनिटे घेतो, ब चा ६२. एकवीस जणांचे मिळून १८ तास वाढले आणि १२० ची टेरिटरी १३८ वर आली. सलग दोन महिने १२० ते १४० च्या बाहेर गेल्याशिवाय रेषेला हात लावायचा नाही असा नियम असल्याने रेषा जागच्या जागी राहिली. टेरिटरी ५ मध्ये आता दोन तास मोकळे आहेत. तिथे यापुढे ब वर्गात चढणाऱ्या तिसऱ्या ग्राहकाबरोबर तेही संपतील.